माझ्या लेकीची मोठ्याई

आक्का गेल्याचा फोन मला आला नाही. तो अश्विनीला आला, माझ्या लेकीला, आणि तिच्याकडून मला कळलं. साताऱ्यातल्या घरी मेथी निवडत बसले होते. "मम्मी, मोठ्याई गेली गं…" एवढंच ती बोलली आणि पुढं नुसता हुंदका. इंदूआक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. जन्मभर कुंडलच्या शेतावरच्या घरात राहिलेली बाई. त्या दिवशी सकाळी जनावरांना वैरण टाकून आल्या, दारात टेकल्या आणि बसल्या जागीच गेल्या. छातीत दुखतंय असं कधी कुणाला म्हणाल्या नव्हत्या. मी आणि आमचे हे गाडीत बसलो. कऱ्हाड मागं पडेपर्यंत माझे डोळे वाहत होते, आणि तरी आत काहीतरी टोचत होतं. थोरल्या दिरांनी, आक्कांच्या मालकांनी, पहिला फोन तिला का केला? जाऊ माझी, घर आमचं, लेकीहून वयानं मोठी मी… मग पहिला फोन लेकीला का?

कुंडलला पोहोचले तर अंगणात बायका अश्विनीच्या गळ्यात पडून रडत होत्या. "आय गेली की गं तुजी, आय गेली…" मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते, तिच्याच पोरीला कडेवर घेऊन. जिवंत. त्या बोलण्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. अश्विनीलाही नाही.

या गोष्टीला आता महिना उलटून गेला. माणूस गेलं की त्याच्याबद्दल चांगलं लिहावं, आणि आक्कांबद्दल लिहायला चांगलं पुष्कळ आहे. पण मला त्या आठवतात त्या माझ्या जळण्यासकट. ते वगळून लिहिलं तर दुसऱ्याच कुठल्या तरी बाईबद्दल लिहिल्यासारखं होईल.

माझी आई मी शाळेत असतानाच वारली होती. त्यामुळं अश्विनीच्या वेळी बाळंतपणाला साताऱ्यात वडिलांकडं आले तेव्हा करायला बाईमाणूस नव्हतं. आमचे हे फौजेत, लांब सीमेवर. सासूबाईंनी आक्कांना धाडलं. त्या एक पत्र्याची ट्रंक घेऊन आल्या आणि घर ताब्यात घेतलं. लग्न होऊन कितीतरी वर्षं झाली होती, त्यांची कूस उजवली नव्हती. त्यावर त्या कधी बोलत नसत आणि कुणी विचारायची सोय नव्हती.

बाळ आडवं होतं म्हणून सीझर झालं. तेव्हाची रीत अशी की पोट सुटेपर्यंत, म्हणजे वारा सरेपर्यंत, तोंडात पाण्याचा थेंब नाही, आणि बाळंतिणीनं पडून राहायचं. माझं पोट काही सुटेना. फुगून नगाऱ्यासारखं झालं. वारा सरत नव्हता, टाके ओढत होते, श्वास पुरा घेता येत नव्हता. आक्का ओल्या कापसानं माझे ओठ पुसायच्या. घडी केलेलं लुगडं पोटाशी घट्ट धरायला लावायच्या आणि म्हणायच्या, "हूं म्हन आनि वळ. टाकं न्हाई तुटत. मी हाय की हितं." मी रडत कुशीवर वळायचे. मग गुडघे हलकेच दुमडायला लावायच्या, पाय चेपायच्या. आईनं काय केलं असतं, ते सगळं त्यांनी केलं. हे मी विसरलेली नाही.

पण त्या दिवसांत बाळ कुठं होतं? आक्कांच्या मांडीवर. मान वळवली की मला तेच दिसायचं… ती एवढीशी मूठ आणि त्या मुठीत आक्कांचं बोट. कळा सोसल्या मी, पोट फाडून घेतलं मी, आणि त्याच पोटानं दगा दिला म्हणून लेक दुसऱ्याच्या मांडीवर. शेवटी एकदाचं पोट सुटलं. सिस्टरनं बाळ माझ्याजवळ दिलं. ते किंचाळून रडायला लागलं. मला नीट धरता येत नव्हतं. "आण हिकडं जरा," म्हणत आक्कांनी घेतलं आणि ते त्यांच्या खांद्यावर चिडीचूप. ते चिडीचूप होणं माझ्या मनात जे घुसलं ते घुसलंच.

पुढं काळानंही आक्कांचीच बाजू घेतली. ह्यांच्या बदल्या होत राहिल्या. कुटुंबाला क्वार्टर मिळाली की मी जायचे, अश्विनी कुंडलला आक्कांपाशी राहायची. अश्विनीला एकदा बरोबर नेली, तर तिनं अन्न सोडलं, ताप काढला. परत कुंडलला आणली तर ओट्यावर बसून आक्कांच्या हातची दूधभाकरी वाटीभर खाल्ली. तिथंच ती शिकली, मोठी झाली. सुट्टीत मी फौजेच्या कँटीनमधून फ्रॉक आणायचे. ती घालायची आणि पळत जाऊन मोठ्याईला दाखवायची. पहिल्यांदा कपड्याला डाग लागला ते मोठ्याईला सांगितलं. कॉलेजातला मुलगा आवडला तेही आधी मोठ्याईला. मला सगळं कळायचं, पण ठरून झाल्यावर.

म्हणून अश्विनीला दिवस गेले तेव्हा मी मनाशी म्हटलं, हे बाळंतपण माझं. ती सांगलीत राहते. मी आधीच जाऊन राहिले. कुंडलला तेव्हा ऊसतोड चालू होती, आक्कांना निघता येणार नव्हतं. मला बरं वाटलं, अगदी गोड वाटलं. बाळाचे ठोके कमी व्हायला लागले म्हणून तिचंही सीझरच झालं. मुलगी झाली. सगळं नीट पार पडलं, आणि दुसऱ्या दिवशी पोरीचं पोट फुगायला लागलं. माझंच पोट जणू तिला लागलं होतं.

आता रीत बदलली आहे. डॉक्टरीणबाईंनी त्याच दिवशी घोटघोट पाणी सुरू केलं होतं. सिस्टर म्हणाली, उठून बसवा, खोलीत चालवा, आणि हे साखर नसलेलं च्युइंगम चघळायला द्या. मी चकित झाले. डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "चघळलं की आतड्यांना वाटतं जेवण आलं, ती कामाला लागतात." सोपंच होतं सगळं. पण अश्विनी पलंगावरून पाय खाली सोडेना. च्युइंगमनं मळमळतं म्हणाली. मी उशी घेऊन गेले तर म्हणाली, "मम्मी, हात नको लावू, प्लीज." डॉक्टरीणबाईंनी पोटावर स्टेथोस्कोप ठेवून ऐकलं आणि त्यांचा चेहरा बदलला. बाहेर येऊन म्हणाल्या, "हालचाल झालीच पाहिजे. पोट असंच राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल." मी आत जाऊन विनवलं, ओरडले, रडले. पोरगी भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "मोठ्याईला बोलव."

मी फोन केला. स्वतःच्या हातानं.

ऊस टोळीवर सोडून आक्का दुपारच्या एसटीनं आल्या. साडीच्या काठाला अजून उसाच्या पाचटाची कुसळं होती. आल्या आल्या हात धुतले, सिस्टरकडून काय काय करायचं ते नीट विचारून घेतलं आणि म्हणाल्या, "कोमट पान्यात ओवा चालंल का?" सिस्टरनं डॉक्टरांना विचारून होकार आणला, थोडाच द्या म्हणाली. मग आक्का पलंगावर टेकल्या. "आन गं त्ये रबार, मी बी खाते." आणि दोघी समोरासमोर च्युइंगम चघळायला लागल्या.

"ह्ये गिळायचं न्हाई व्हय?"

"नाही गं मोठ्याई!"

"मग ह्येचा उपेग काय? म्हशीवानी रवंथ करत बसायचं?"

अश्विनी हसली आणि टाके दुखले म्हणून कळवळली. आक्कांनी लगेच उशी तिच्या पोटाशी दिली. "धर घट्ट. हूं म्हन आनि ऊठ." ती उठली. माझ्यासाठी न उठलेली पोरगी उठली. दारापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. मी ओव्याच्या पाण्याचा थर्मास धरून कोपऱ्यात उभी होते. ऊन कललं तोवर त्यांनी तिला कितीदा तरी चालवलं. मध्येच खोलीच्या मधोमध ती थांबली, तोंड कसनुसं झालं, आणि मग जे व्हायला हवं होतं ते चांगलं मोठ्यानं झालं. "आला गं बाई, आला!" आक्का अशा म्हणाल्या की जणू पाहुणाच दारात आला. अश्विनी हसत-रडत त्यांच्या गळ्यात पडली. मलाही हसू आलं. माझी लेक वाचली होती, नळी टळली होती. आणि तरी त्या दोघींकडं बघताना मनात आलं, हा गळा माझा असायला हवा होता.

नंतर बाहेरच्या बाकावर आम्ही दोघी भाकरी खायला बसलो. माझ्यानं राहवलं नाही. "आक्का, मी सकाळपासून हेच सांगत होते. माझं का नाही ऐकत ती?"

आक्कांनी भाकरी मोडली. मग म्हणाल्या, "तुला एक सांगू का शोभा? साताऱ्याला तुजं अंग पुसताना मला लय जळायचं."

"तुम्हाला?"

"व्हय. लेकरू माज्या मांडीवर, आनि वण तुज्या पोटावर. ही पोर कुनाची म्हून कुनी इचारलं, तर तुला नुसता पदर बाजूला करायचा हुता. माज्यापाशी दावायला काय हुतं?"

एवढी वर्षं मला वाटत होतं, जळणारी मी एकटीच आहे. त्यांनी त्यांच्या डब्यातली चटणी माझ्या भाकरीवर वाढली आणि विषय संपवला. माझी असूया मात्र संपली नाही. उलट मला वाटलं, त्यांनी तेही माझ्याआधी बोलून टाकलं.

त्या दिवसापासून जाईपर्यंत आक्कांनी एक नेम पाळला. दिवेलागणीला सांगलीला फोन. पहिला प्रश्न ठरलेला, "पोट साफ हाय का गं?" पोरगी कामावर रुजू झाली तरी तोच प्रश्न. नाशिकला ट्रेनिंगला गेली तरी तोच. जावई हसून बेजार व्हायचे.

आता दिवेलागणीला मी फोन करते. पहिले काही दिवस तिनं उचललाच नाही. मग एकदा उचलला आणि काय बोलावं न सुचून मी विचारलं, "पोट साफ आहे का गं?" मग ती हळू आवाजात म्हणाली, "मम्मी, ते तू नको ना विचारू. ते तिचं आहे."

मी विचारत नाही. बाळ काय खातं विचारते, पाऊसपाणी विचारते. पण फोन उचलल्यावर अश्विनी आधी क्षणभर गप्प राहते… रोज. मीही गप्प राहते. तेवढा वेळ आक्कांचा. तो झाला की मग ती म्हणते, "हं मम्मी, बोल."