भुताची मावशी आणि दुसरी घागर

आमच्या गल्लीतल्या बायका भुतांना घाबरायच्या. भुताची मावशी भुतांची काळजी करायची. "भूत वाईट नही ऱ्हास पोरी, भुक्यं ऱ्हास," असं ती मला सांगायची. पोरांनी तिला ते नाव चिडवायला ठेवलं होतं. तिने ते बिनतक्रार घेतलं.

सुरतेच्या नवागाममध्ये तिची खोली आमच्या खोलीला लागून होती. आमच्यासारखीच धुळ्याकडची. नवरा कधीच गेलेला. दिवसभर ती साड्यांवर टिकल्या चिकटवायची. माहेरच्या वाचनालयातल्या जुन्या रहस्यकथा तिने लग्नाआधी वाचून संपवल्या होत्या, आणि आता तिला स्वतःची कादंबरी रचायची होती. बोटं गमाने चिकट असायची, म्हणून ती सांगायची आणि मी मोबाइलवर टाइप करायचे. घरातून कॉलेजला जाणारी मी पहिलीच. गल्लीला वाटायचं, हिला सगळं येतं. मला खरं तर टायपिंगच तेवढं बरं येत होतं.

एरवी अहिराणी बोलणारी मावशी कादंबरी सुरू झाली की एकदम पुस्तकी व्हायची. "कोतवालीच्या कारकुनाने कंदील उंचावला. रहाट आपोआप फिरत होता." असं का, म्हणून विचारलं तर हसली. "आपली बोलीमा सांगं, ते भूत येई नि भाकर मांगी."

कादंबरी जुन्या सुरतेची, बंदरात जहाजं लागायची तेव्हाची. एक तरुण विणकर जरीचं कापड घेऊन सावकाराच्या हवेलीत जातो आणि बाहेर येत नाही. तेव्हापासून हवेलीतल्या विहिरीचा रहाट रोज संध्याकाळी कुणीही हात न लावता फिरतो. विणकराची आई फाटकाशी उभी असते. कारकुनाला विहिरीचा संशय येतो, पण तो उतरायला गेला की दर वेळी काहीतरी आडवं यायचं. कधी दोर तुटायचा, कधी पहारेकरी यायचा.

"मावशी, आता तरी उतरू द्या ना त्याला."

"उतरी. तुले काय घाई शे? परीक्षा शे का तुनी?"

मावशी दाराला कधी कडी लावत नसे. पोरं म्हणायची, भुतांसाठी उघडं ठेवते. खरं कारण मोठ्यांना माहीत होतं. तिचा एकुलता मुलगा सुरतजवळच्या सचिन गावात कापड रंगवायच्या कारखान्यात कामाला होता. एके दिवशी पाळीवर गेला तो परतलाच नाही. ठेकेदार म्हणाला, काम सोडून गेला. पोलिसांनी तक्रार घेतली. पुढे काही कळलं नाही, आणि वर्षं गेली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खानदेशात वारलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात, वर डांगर, म्हणजे खरबूज, आणि गोड सांजोरी ठेवतात. ते पाणी त्याला पोचतं, असं मानतात. मावशी नवऱ्याची घागर भरायची, मुलाची नाही. दर आखाजीला तिचा दीर येऊन सांगायचा, "वहिनी, आते तरी पोऱ्याना नावनी घागर भर. त्याले पानीनी तीस लागनी हुई."

"जित्या मानुसनी घागर भरतस का?" एवढंच म्हणून ती पाठ फिरवायची. दीर चहा न घेता जायचा.

मावशीची कादंबरी आणि तिचा हरवलेला मुलगा, या दोन गोष्टी मी कधी जोडल्या नव्हत्या. गेल्या वर्षी, आखाजीच्या थोडं आधी, कारकुनाचा दोर पुन्हा तुटला, तेव्हा मी सहज म्हणाले, "मावशी, तुम्हीच म्हणता ना, भूत भुकेलं असतं. मग विहिरीतला तो तसाच तहानलेला राहणार?"

मावशीचा हात साडीवर थांबला. गम वाळून गेला.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच हाक मारली आणि शेवटचं प्रकरण सांगितलं. कारकून विहिरीत उतरला. वर आला तेव्हा त्याच्या हातात विणकराचा मागावरचा धोटा होता. आईने तो ओळखला. ती रडली नाही. म्हणाली, "याला पाणी द्या." एवढ्यावर कादंबरी संपली. मी म्हणाले, खुनी सापडायला हवा होता. "सावकारले कोन धरी?" मावशी म्हणाली, आणि पुन्हा टिकल्या चिकटवायला लागली.

आखाजीला तिच्या खोलीत दोन घागरी होत्या. दिराने पाहिलं आणि तो दारातच खाली बसला. मावशीने मुलाच्या घागरीवर डांगर ठेवलं, सांजोऱ्या ठेवल्या. मग त्याचं नाव घेतलं, जेवायला बोलवावं तसं. संध्याकाळी माझी आई भाकरी थापत होती, तेव्हा शेजारून कडी लागल्याचा आवाज आला. आईचा हात थबकला.

त्यानंतर मावशीने नवी गोष्ट काढली नाही. जेवण कमी होत गेलं. दिवाळीनंतर ती गेली. दिराने सामान गावी नेलं, खोली दुसऱ्याला दिली.

यंदा मी आमच्या घरी तिच्या नावाने घागर भरली. नात्यात नसलेल्या माणसाची भरावी की नाही, मला माहीत नव्हतं. आईला विचारलं. तिने सांजोऱ्यांचं पीठ नेहमीपेक्षा जास्त मळलं. घागरीवर डांगर ठेवून मी आधी दाराची कडी काढून आले, आणि मग मावशीला हाक मारली.