दगडातली थरथर

डोंगरातून आलेलं थंडगार पाणी दगडी पाटातून शहाण्यासारखं चालत येतं, कुंडाच्या तोंडाशी क्षणभर बिचकतं आणि मग स्वतःला धाडकन खाली झोकून देतं. त्या आघाताने वरची काळी शिळा अखंड थरथरत राहते. दिघाशी गावापलीकडच्या ओढ्यावर एक जुनी पाणचक्की आहे, तिथली ही शिळा. चक्की म्हणायची ती उपचारापुरती! लाकडी चाक कधीच कुजून गेलं, छप्पर गेलं. जात्याची एक तळी तेवढी उरली आहे आणि तिच्यावर शेवाळ निवांत नांदतं आहे. एके काळी आसपासच्या पाड्यांचं तांदूळ-नाचणीचं पीठ इथेच पडायचं. धान्य गेलं, दळणारे गेले. पाण्याला मात्र ही वार्ता कुणी दिलेलीच नाही. ते आपलं रोज कामावर येतं.

कामाची अशी सवय मी घरातही पाहिली आहे. बाबांनी उभं आयुष्य निजामपुऱ्यात कापडाचे यंत्रमाग चालवले. रातपाळी करून ते सकाळी यायचे आणि कारखान्याच्या माथ्यावरच्या आमच्या खोलीत, खाली दिवसपाळीचे माग खडखडत असताना, गाढ झोपायचे. फडताळात भांडी नाचायची, तांब्यातल्या पाण्यावर वर्तुळं उठायची, आई त्या मागांना मनसोक्त शिव्या घालायची. आणि बाबांच्या मुद्रेवर मात्र केवढी प्रसन्नता! पुढे मालकाने माग भंगारात काढले आणि आम्ही दापोड्याला नव्या इमारतीत राहायला आलो. घट्ट बसणारी दारं, मुक्या भिंती. आई हरखून गेली. बाबांची झोप उडाली ती उडालीच.

शांतता माणसाला छळू शकते, हे कुणाला पटेल का? आपण तर तिच्यासाठी आसुसलेले, तिची स्तोत्रं गाणारे! पण त्या निःशब्द घरात बाबा रोडावले, चिडके झाले, घास हातात धरून कुठेतरी हरवू लागले. गोळ्यांनी डोळे मिटत, पण झोप काही येत नसे. मला भीती वाटू लागली होती. हा माणूस असा जागून जागूनच संपेल की काय! एकदा मी फोनवर मागांचा आवाज शोधून त्यांच्या उशाशी लावून ठेवला. थोडा वेळ ऐकून म्हणाले, "हे नुसतं वाजतंय गं. हालत न्हाय."

मी चमकलेच. म्हणजे त्यांची झोप कानांत नव्हतीच, ती पाठीत होती! आम्ही ज्याला गोंगाट म्हणून नावं ठेवली, तो जमिनीतून, खाटेतून, हाडांतून त्यांना इतकी वर्षं जोजवत होता.

परवाच्या रविवारी वालाच्या शेंगा आणायला आम्ही तिघं दिघाशीकडे गेलो आणि परतताना ओढ्यावर थांबलो. बाबा त्या शिळेवर टेकले. तळवा दगडावर ठेवून जरा वेळ तसेच बसले, मग चपला काढून आडवे झाले आणि बघता बघता घोरू लागले. भर उन्हात, उघड्यावर! आईने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. मी मात्र रडले, आनंदानेच.

इतक्यात पलीकडच्या पाड्यावरची काळूबाई आपल्या वांग्यांकडे पाणी वळवायला आली. चक्की चालवणारा तिचा सासरा. आता पाट तिच्या वाफ्यांचा. तिने फळी टाकून पाणी तोडलं. दगड निमाला, आणि बाबा ताडकन उठून बसले.

"कुठला बंद पडला?"

त्यांची झोपाळू नजर झाडाझुडपांतून मागांच्या रांगा धुंडाळत होती. सगळेच, बाबा. कधीचेच.

काळूबाई टक लावून पाहत राहिली. "माझा सासरा आसाच," ती म्हणाली. "चक्की थांबली का उठून बसायचा." कोण कुठला दळणारा, कोण कुठला विणणारा; जन्मात एकमेकांची गाठ नाही आणि झोप मात्र एकाच जातीची! तिने वाकून फळी उपसली. शिळेत पुन्हा जीव आला, बाबा कुशीवर वळले.

"अगं, तुझी वांगी सुकतील ना!" आई हळूच म्हणाली.

"निजूं दे त्यांना," काळूबाई म्हणाली. "वांगी उद्या पितील."