समोर कोणीच नव्हतं

मंडळी, माझी विद्यार्थिनी आफरीन आज टेनिसमध्ये जिल्ह्यात पहिली आली. अभिनंदन लिहायची घाई करू नका, आधी वाचा.

शालेय स्पर्धेसाठी सकाळच्या एसटीने आम्ही दोघी अमडापूरहून बुलढाण्याला गेलो. तिच्या अम्मीने दिवसभर पुरेल एवढा डबा दिला होता. पोचलो तर कोर्टवर नेटसुद्धा बांधलेलं नव्हतं. टेबलावरच्या सरांनी यादी पाहिली. "मॅडम, मुलींमध्ये तुमची एकटीच एन्ट्री आहे. नेट बांधून काय करता? घ्या प्रमाणपत्र आणि पदक."

मी खेळायचे तेव्हा याच कोर्टभोवती फायनल बघायला लोक उभे राहायचे. गेल्या वर्षी निदान दोन मुली तरी होत्या. आज सगळी गर्दी शेजारच्या मैदानावर, क्रिकेटला. तिथे माईकवर कॉमेंट्री चालू होती. खेळत मात्र टेनिसच्याच बॉलने होते.

आमचा फोटो काढला. आफरीनने पदक उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, पण मी हरवलं कोणाले?"

अकराच्या आत आम्ही परतीच्या एसटीत होतो, डबाही उघडला नव्हता. उद्यापासून ती पुन्हा शाळेच्या भिंतीवर बॉल मारत राहील.

तुमच्या गावात टेनिस खेळणारी एखादी मुलगी आहे का? कशीही खेळत असली तरी चालेल.

हाच प्रश्न मी जूनमध्येही इथे विचारला होता. खाली नुसते अंगठे आले होते.