बजाबाईंच्या चटणीचं नाव

सांगोल्याकडच्या बजाबाई लग्न होऊन सोलापुरात आल्या आणि दारातच शेंगाचटणी विकू लागल्या. उखळात कुटलेली, तेल सुटलेली. गिऱ्हाईक विचारायचं, "मावशी, आजचीच हाय का?" त्या म्हणायच्या, "व्हय की." "तिखट हाय?" "व्हय की." "पोरांना चालंल?" "व्हय की." आणि चालायचीही.

सून दिपाली शिकलेली. तिनं चटणी पाकिटांत भरायला घेतली, तसं कुणीतरी म्हणालं की नावाचा ट्रेडमार्क करून घ्या, नाहीतर उद्या दुसराच तुमच्या नावानं विकेल. दोघी वेणीमाधव वकिलांकडे गेल्या. दिपालीनं 'सोलापुरी शेंगाचटणी' असं नाव सांगितलं.

"हे तुम्हाला एकट्यांना मिळणार नाही," वकील म्हणाले. "गावाचं नाव सगळ्यांचं, चटणीचंही सगळ्यांचं. फक्त तुमचं वाटेल असं काहीतरी आणा."

घरात नावांचा नुसता गोंधळ झाला. बजाबाईंचा मुलगा कुमार देवाधर्माची नावं सुचवायचा. वकील शोधून सांगायचे की ती आधीच कुणीतरी घेतली आहेत. शेवटी एका दुपारी वकिलांचा फोन बजाबाईंनीच उचलला.

"नाव ठरलं का, मावशी?"

"व्हय की," बजाबाई सवयीनं म्हणाल्या.

"काय ठरलं?"

"व्हय की."

वकिलांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाले, "छान आहे. हे कुणाचं नसणार. बघतो मी."

बजाबाई फोन ठेवून घाबऱ्याघुबऱ्या सुनेकडे गेल्या. "अगं, त्यास्नी तेच नाव वाटलं. लोक हसतील की."

दिपाली आधीच हसून बेजार झाली होती. "हसू द्या, आत्या. हसत हसत घेतील."

तसंच झालं. वकिलांनी अर्ज केला, आक्षेपाची मुदत कुणी हरकत न घेता सरली, प्रमाणपत्र आलं. दाराशीच दुकान झालं, चटणी अक्कलकोटपर्यंत जाऊ लागली. कन्नड बोलणारी गिऱ्हाइकंसुद्धा दुकानात येऊन 'व्हय की' मागू लागली.

यंदा वकिलांनी पुन्हा बोलावलं. नोंदणीची दहा वर्षं भरत आली होती.

"म्हंजे नाव जातंय व्हय?" बजाबाईंचा चेहरा उतरला.

"नाही हो. फी भरून नूतनीकरण करायचं, की पुढची दहा वर्षं तुमचंच."

बजाबाईंनी सुनेकडे पाहिलं. "मग मालक म्हणून हिचंबी नाव घाला. पाकिटं हिनं केली, गावोगाव हिनं फिरवली. दोघींचं असू दे."

 दिपालीनं पदरानं डोळे टिपले.

"त्याला करार आणि वेगळा अर्ज लागेल," वकील म्हणाले. "आधी मुदत वाढवू, मग तेही करू."

नूतनीकरण झालं त्या दिवशी बजाबाईंनी दुकान बंद ठेवलं आणि सुनेला घेऊन सांगोल्याला बहिणीकडे, फुलाबाईंकडे गेल्या. बहिणीनं पिठलं-भाकरी केली. दोघी सासू-सुना शेजारी बसून पोटभर जेवल्या, आणि दुपारभर डाळिंबाच्या बागेत गप्पा मारत पडून राहिल्या.