एका घावाची हिराआत्या

हिराआत्या वाक्य संपवायची ती सत्तुरानं. "कलेजी संपली." धाड. "उद्या या." धाड. समोर चिंचेचा ओंडका, त्यात रुतलेलं पातं आणि वर गिऱ्हाइकावर रोखलेले दोन लालभडक डोळे. खडकी बाजारात मटणाची दुकानं पुष्कळ, पण बाई स्वतः बोकड कापते असं दुकान तेवढं एकच. नवरा गेल्यावर दिरांनी दुकानाला कुलूप घातलं होतं. हिनं ते कुलूप फोडलं आणि आत जाऊन बसली. थोरला दीर जाब विचारायला आला. त्याच्या हनुवटीवर पुढं कायमचा व्रण राहिला. तो कशाचा, हे त्याला बाजारात कुणी कधी विचारलं नाही.

ती माझी सख्खी आत्या नव्हे. आमची खोली तिच्या दुकानामागं, भिंतीला भिंत लागून. वडील हमाल, आई चार घरची धुणीभांडी करायची. त्या खोलीतून मी डोळे तपासण्याची पदवी घेतली. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. हे मी कुठंही मान वर करून सांगते, इथंही सांगते.

त्या पदवीत आत्याचाही वाटा आहे. मी कॉलेजला निघाले की बाजाराच्या तोंडाशी एकजण सायकलला आडवा यायचा. एक दिवस त्यानं ओढणी ओढली. मी सायकलसकट पडले, गुडघे फुटले. आत्यानं दुकानातून ते पाहिलं. आकड्याला टांगलेली बोकडाची तंगडी काढली, चालत आली आणि त्या तंगडीनं त्याला असा बडवला की त्याचा दात गटारात गेला. तो रांगत पळाला. तीच तंगडी नळाखाली धुऊन तिनं परत आकड्याला लावली.

रांगेतले एक सदाशिवपेठी वळणाचे आजोबा म्हणाले, "अहो बाई, हे मटण आपण आता विकणार?"

"तुमाला नगं असंल तर ऱ्हाऊ द्या. मऊ झालंय, लवकर शिजंल."

आजोबांनी अर्धा किलो घेतलं.

मला तिनं जवळ वगैरे घेतलं नाही. म्हणाली, "रडतीस काय? आधी उठायचं, मग बघायचं कुठं लागलंय."

तिच्या डोळ्यांबद्दल लोक वाटेल ते बोलायचे. कुणी म्हणायचं बाई पिते. कुणी म्हणायचं, इतके जीव घेतले, त्यांचं रक्त डोळ्यांत उतरलंय. ती दारूला शिवत नव्हती. रोज सकाळी तिच्या पापण्या एकमेकींना चिकटलेल्या असायच्या, त्या ती कोमट पाण्यानं सोडवायची. कडा सुजलेल्या, केस अर्धे झडलेले, उरलेल्यांच्या मुळाशी कोंड्याचे पापुद्रे. खाज सुटली की सुरीच्या मुठीनं डोळे चोळायची. धंद्यात नजर हलली की बोट गेलं. तिला भीती एवढीच होती, आणि ती भीतीसुद्धा ती शिव्यांतून सांगायची.

नोकरी लागल्यावर मी तिला आमच्या दवाखान्यात ओढत नेलं. डॉक्टर मॅडमनी भिंगातून पाहिलं, पापणीचा एक केस उपटून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि तिलाही दाखवला.

"आजी, हे बघा. केसांच्या मुळाशी बारीक किडे आहेत. थोडेफार सगळ्यांनाच असतात. तुमचे फार वाढलेत, म्हणून सूज हटत नाही."

आत्यानं मॅडमची कॉलर धरली. "माझ्या मटणावर माशी बसत न्हाई आन् माझ्या डोळ्यांत किडे?" मी मध्ये पडले. तिचं कोपर माझ्या तोंडावर बसलं, ओठ फाटला. खुर्ची उलटली, बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले.

मॅडमना कळेना काय झालं. मला कळलं. मटणवाल्याच्या दुकानाशी 'किडे' हा शब्द जोडला गेला की ते दुकान संपलं. घरी येताना रिक्षात ती हळू आवाजात म्हणाली, "वैशे, हे बाजारात कुणाला कळलं, तर तुझी जीभ वंडक्यावर ठेवीन." ती गंमत करत नव्हती.

उपचार तसा साधा होता. रोज शेक द्यायचा, पापण्यांच्या कडा पुसायच्या. पुसायला टी ट्री ऑइल घातलेल्या ओल्या पट्ट्या, काही आठवडे.

"चहाच्या झाडाचं तेल? मग त्यात साखर कोण घालणार, तुझा बाप?"

"आत्या, ते आपल्या चहाचं झाड नव्हे. दुसरंच असतं. तेल जहाल आहे, म्हणून पट्टीत ते पातळ केलेलं असतं. तेही फक्त कडेला लावायचं. नुसतं तेल डोळ्यात गेलं तर डोळा जळेल. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, पण बऱ्याच जणांना उतार पडतो."

तिनं बाकी सगळं सोडून एकच विचारलं. "काही आठवडे, म्हंजे ते जीव हळूहळू मरणार?"

"हो."

"हे पाप हाय."

मी हसले. तिनं सत्तूर ओंडक्यात मारला. "हसू नगंस. आमचा झटक्याचा धंदा. मारायचं तर एका घावात. दुसरा घाव लागला ते मटण आमी खात न्हाई आन् विकत न्हाई. जीव केवढा का असंना. तुमी शिकलेली मान्सं तडपडवून मारता आन् त्याला औषद म्हनता."

पट्ट्यांचं पाकीट तिनं फडताळात टाकून दिलं. शेजारच्या ब्यूटी पार्लरमध्ये मुरुमांसाठी त्याच तेलाची बाटली होती, काही न मिसळलेली. ती तिनं मागून आणली. दुपारी शटर अर्धं ओढलं आणि दोन्ही डोळ्यांत ओतली. एका घावात.

मी घरीच होते. जे ओरडणं ऐकलं तसं मी बोकडाचंही ऐकलेलं नाही. धावत गेले तर ती भिंतीवर डोकं आपटत होती. तिचा भाचा संतोष धरायला गेला, त्याला तिनं आकड्यांवर भिरकावला, त्याची पाठ फाटली. ती मटणाच्या हातांनी डोळे रगडत होती. मी तिच्या पायांत पाय घालून तिला पाडलं, छातीवर बसले आणि संतोषला ओरडले, "नळाची नळी आण!" तिनं माझं मनगट दातांत धरलं. मी सोडलं नाही, तिनंही सोडलं नाही. त्याच हाताच्या बोटांनी पापण्या फाकवून मी पाणी सोडत राहिले. फरशीवरून तेल, रक्त आणि पाणी एकत्र वाहत होतं. रक्त तिचं की माझं की बोकडाचं, कळत नव्हतं. मग तसंच दवाखान्यात.

डावा डोळा सुधारला. उजव्यात मटणाच्या हातांची घाण गेली होती, बुबुळावर जखम चिघळली. ती भरली, पण पांढरा डाग ठेवून. मॅडमनी स्पष्ट सांगितलं, या डोळ्यामुळं आता अंतर नीट कळणार नाही.

"हाताला कळतंय," आत्या म्हणाली.

पट्ट्या मात्र तिनं आता मुकाट्यानं घेतल्या. मी रोज तिच्या पापण्यांच्या कडा पुसायची आणि ती आतल्या किड्यांना शिव्या द्यायची. हळूहळू सूज ओसरली. केस फुटू लागले. बाजारातल्या बायका म्हणू लागल्या, आत्या माणसाळली. त्याच आठवड्यात तिनं तराजूचं वजन फेकून एका दलालाचं कपाळ फोडलं होतं.

मग तो रविवार. दुकानापुढं रांग लागलेली. मागच्या बोळात संतोषनं बोकडाचे पाय धरले, दोर ताणला. मी मनगटाच्या जुन्या खुणेवर हात ठेवून दारात उभी होते. आत्यानं सत्तूर उचलला. तिचा हात मी लहानपणापासून पाहत आले होते, तो कधी थांबत नसे. त्या दिवशी वर गेल्यावर क्षणभर थांबला. मग खाली आला, आणि मानेऐवजी खांद्यात रुतला.

बोकड ओरडला. संतोषच्या हातून दोर सुटला. रक्त उडवत ते जनावर बोळात धडपडलं, भिंतीला धडकलं, माझ्या पायांशी कोसळलं. आत्या त्याच्यावर पडली. दुसरा घाव. तोही पुरला नाही. तिसऱ्याला ते शांत झालं.

रांगेतून कुणीतरी विचारलं, "ताजं आलं का हो?"

आत्यानं बाहेर जाऊन शटर खाली खेचलं. लोक ओरडले, कुणी पत्र्यावर थापा मारल्या. ती परत आली आणि सत्तूर संतोषच्या हातात दिला. "आजपासनं तू. ह्याला गाड. ह्यातलं कुणाच्या पोटात जाता कामा नये." मग रक्तानं भरलेल्या फरशीवर, बोकडाचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

तिच्या तोंडावर, पापण्यांवर रक्त होतं. मी पट्ट्यांचं पाकीट घेऊन समोर बसले. तिनं मान वर केली. दोन्ही डोळ्यांतून धार लागली होती.

"रडतेस काय आत्या?"

"गप बस. तुजं ते तेल झोंबतंय."

मी पाकीट अजून फोडलंही नव्हतं.