मांडीवरचे हात

शाळेतून मी निवृत्त झाले, पण माझी संशयी नजर काही निवृत्त झाली नाही. इतकी वर्षं गणित शिकवताना मी पेनाच्या टोपणात, ओढणीच्या टोकाला, एकदा तर पायाच्या बँडेजमध्ये चिठ्ठ्या पकडल्या आहेत. आता पंचवटीतल्या घरी नववीची सात-आठ मुलं शिकवणीला येतात. त्यांना नियम एकच: कॉपी केली की दुसऱ्या दिवसापासून यायचं नाही.

यंदा मखमलाबादकडून एक मुलगी आली. घरी भाजीपाल्याची शेती, बोलणं कमी. सरासरी काढायला दिली की बाकीची मुलं बेरजा मांडत, खोडत, पुन्हा मांडत. ही मात्र दोन्ही हात बाकाखाली मांडीवर ठेवी, मान खाली घाली आणि सरळ उत्तर लिही. पायरी एकही नाही आणि उत्तर बरोबर. पाणी कुठंतरी मुरतंय, हे मी पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं. उठून तिच्यामागे गेले की हात थांबत. एकदा दप्तर तपासलं, तर त्यात काहीच नाही. त्याने संशय कमी व्हायला हवा होता, पण वाढला. मोबाइल नक्कीच कपड्यांत लपवलेला असणार. शेवटी तिच्या आईला फोन केला. "उद्या येऊन जा. तुमची मुलगी कॉपी करते, मी तिला ठेवणार नाही."

आई मेथी बाजारात टाकून तशीच आली. मुलगी भिंतीला टेकून उभी होती, डोळे रडून सुजलेले.

"बाई, तुम्ही काढली तर हिचा बाप म्हणंल, कॉपीच करायची तर शाळा तरी कशाला," आई म्हणाली. "लय हट्टी माणूस हाय."

मी वहीत आकडे लिहिले. पाच दिवसांत वाचलेली पानं: ४८, ५३, ४६, ५१, ५७. "काढ सरासरी. हात टेबलावर."

ती टेबलाशी आली, हात वर ठेवले, पण ते हलेनात.

"कर की, घरी करती तशी," आई म्हणाली.

"पन्नास धरायचे," ती पुटपुटली. डाव्या हाताच्या पेरांवरून अंगठा सरकू लागला. अठ्ठेचाळीस म्हणजे दोन कमी, सेहेचाळीस म्हणजे चार कमी; डावीकडे सहा. जास्तीचे उजव्या हातावर: तीन, एक, सात, मिळून अकरा. अकरातून सहा गेले, पाच उरले. ते पाच दिवसांना वाटले, एकेक आला. "एक्कावन्न."

मी बेरीज केली. दोनशे पंचावन्न, भागिले पाच. एक्कावन्न.

"आमी वाफ्यातल्या जुड्यांचा अंदाज असाच काढतो," आई म्हणाली. "वाफ्याला पन्नास धरायच्या, कमी-जास्त पेरांवर. मंग कळतं, उद्याला किती वाफे उपटायचे."

दहावीच्या मुलांना गृहीतमध्य म्हणून हीच रीत मी फळ्यावर तक्ता आखून शिकवत आले होते.

"मग हात लपवतेस कशाला?" माझा आवाज अजून चढलेलाच होता.

"तुम्हीच म्हणाला होतात ना, पहिल्या दिवशी. नववीत येऊन बोटं मोजणाऱ्यांनी बालवाडीत जाऊन बसावं."

म्हणाले होते. दरवर्षीच म्हणते. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्या आईसमोर मी तिची माफी मागितली आणि शिकवणी चालू राहील असं सांगितलं.

ती अजून येते. पायऱ्या मांडते, हात बाकावर ठेवते. पण पेराला अंगठा लावण्याआधी मान वर करून बघते, माझी नजर तिच्या हातांवर आहे का.

असतेच.