गुळाचा आळ

कोणाला मधुमेह झाला असं कळलं की आमच्याकडे पहिला प्रश्न ठरलेला. "गोड फार खायचे का हो?" हा प्रश्न ऐकला की आजही माझं डोकं फिरतं. विचारणाऱ्याला वाटतं, आपण काळजीने विचारतोय. कसली काळजी? कोणाच्या तरी माथी मारून मोकळं व्हायचं असतं, बस्स. आमच्या घरात ते माझ्या आईच्या माथी मारलं आणि तिने ते बारा वर्षं मुकाट सोसलं.

गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी तेरा वर्षांची होते आणि धाकटी बहीण आठ. आम्ही नायगावच्या बीडीडी चाळीत राहायचो. बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. आज मिटेल, उद्या मिटेल करत महिने गेले, मग घरात कोणी तो विषयच काढेना. भाजी आणणं झेपेना तेव्हा आई आम्हाला चपातीला गूळ लावून द्यायची. मजल्यावर सगळ्यांकडे तेच चाललं होतं.

त्या वर्षी चाळीतली सगळीच पोरं वाळली होती. म्हणून धाकटी वाळायला लागली तेव्हा कोणी दोनदा बघितलंही नाही. संपाचं पोर, असंच दिसणार. तिला तहान मात्र भलती लागायची. नळाला पाणी सकाळी तासभर, तेच दिवसभर पुरवायचं, आणि ही दुपारपर्यंत कळशी तळाला न्यायची. आईने तिला त्यावरून धपाटे घातले. गॅलरीच्या टोकाच्या संडासात तिच्या सारख्या फेऱ्या, अंथरूण ओलं. मी म्हणायचे, नाटकं करते. मी म्हणायचे हे, दुसऱ्या कोणावर कशाला ढकलू?

एका सकाळी ती उठेचना. श्वास जोरजोरात चालला होता आणि तोंडाला पिकून गेलेल्या फळासारखा वास येत होता. बाबांनी तिला खांद्यावर टाकलं आणि परळच्या मोठ्या हॉस्पिटलापर्यंत धावत नेलं. डॉक्टरांनी तिला वाचवलं, त्यांचे उपकार आहेतच. सुई कशी टोचायची, काचेची सिरिंज कशी उकळायची, फ्रिज नाही तर इन्सुलिनची बाटली डब्यात घालून पाण्याच्या मडक्यात कशी ठेवायची, सगळं आईला शिकवलं. झालं कशाने, ते मात्र कोणी सांगितलं नाही. आई विचारायला गेली की "नंतर या". ते नंतर काही आलं नाही.

कारणाची ती रिकामी जागा आत्याने भरली. बाबांची मोठी बहीण, घोडपदेवला राहायची, आणि तिच्या शब्दापुढे आमच्या घरात कोणी जात नसे. वॉर्डात खाटेशी उभी राहून, सगळ्या बायांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "गूळ चारून चारून पोरीचं रक्त गोड केलंस गो." बाबा तिथेच उभे होते. ब्र काढला नाही त्यांनी. या एका गोष्टीसाठी मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

त्या दिवसापासून आईने गोड सोडलं. गणपतीत एकवीस मोदक वळायची, एकही तोंडात घालायची नाही. नवस नव्हता, उपास नव्हता. स्वतःला शिक्षा देत होती बाई.

संपानंतर बाबांना एका ऑफिसच्या गेटवर वॉचमनची नोकरी मिळाली. साच्यावर दिवसभर उभा राहणारा माणूस बारा तास खुर्चीत बसायला लागला. पोट सुटलं आणि काही वर्षांनी त्यांनाही साखर निघाली. आत्या म्हणाली, "संपाने खाल्लं माझ्या भावाला. किती टेन्शन घेतलं त्याने." वा रे न्याय. भावाला झालं की संप, पोरीला झालं की वहिनी. बाबांच्या आईचं, म्हणजे आत्याच्याच आईचं, पायाचं बोट साखरेपायी गावी कापलं होतं. सगळ्यांना माहीत होतं, पण त्याची आठवण कोणालाच झाली नाही.

मग माझी पाळी. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी आलेले, आणि सातव्या महिन्यात माझ्या रक्तात साखर निघाली. डोहाळजेवणाला आत्याने भरल्या घरात आईला विचारलं, "एकीला चारलंस, आता दुसरीलाही?" आईने हातातलं ताट खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "बाय, तू सासरी जा. माझ्या हातचं खाऊ नकोस." पोटुशी लेक दारात, आणि आई तिला जेवू घालायला घाबरते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी तिला हाताला धरून माझ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तरुण बाई, वरळी कोळीवाड्यातली, बोलायला सरळ. म्हटलं, तिघांना झालंय, बाबांच्या आईचं बोटही साखरेपायी गेलं, तिघांचं कारण हिला सांगा. त्यांनी आईला खुर्ची दिली. "आजी, हे तीन वेगळे आजार आहेत, नाव तेवढं एक. धाकटीच्या पोटात इन्सुलिन करणाऱ्या ज्या पेशी होत्या, त्या तिच्या शरीराच्या राखणदारांनीच शत्रू समजून मारल्या. हे नेमकं कशाने सुरू होतं ते आम्हालाही पुरतं माहीत नाही, पण गुळाने होत नाही. बाबांच्या अंगात इन्सुलिन आहे, ते अंगाला लागू पडत नाही. त्यांच्या आईकडून थोडं आलं, बसून आणि पोट वाढून बाकीचं. आणि हिचं, पोटातल्या बाळाच्या वारेतून जे रस सुटतात ते इन्सुलिनला नीट काम करू देत नाहीत, त्यात बापाकडचा वारसा. बहुतेक बाळंत झाल्यावर जाईल, पण पुढे जपायला लागेल."

आईने खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाली, "हे कागदावर लिहून द्याल?"

डॉक्टरीणबाईंनी मराठीत लिहून दिलं, खाली सही केली. त्याच रविवारी आई मला घेऊन घोडपदेवला गेली. आत्याने चष्मा लावला, कागद वाचला, पुन्हा वाचला. मग चष्मा काढत म्हणाली, "तेव्हा हे कोणाला माहीत होतं गो?"

आईने उभ्या जन्मात नणंदेला उलट उत्तर दिलं नव्हतं. तेव्हाही तिचा आवाज चढला नाही.

"माहीत नव्हतं ना, वन्सं? मग बोललात कशाला?"

आई उठली आणि मला म्हणाली, "चल, घरी जाऊन तुला भाकरी टाकते."